गणपतीच्या सुट्टीत घरी सर्वांनी मिळून पाहायला चित्रपट कसा निवडावा?

सुरंगी (राजापूर)

नमस्कार मंडळी. आमचे घर राजापूर तालुक्यात आहे. गणपतीला मुंबई-पुण्याचे चाकरमानी गावी आले, की एरवी चार माणसांचे आमचे घर पंधरा-सोळा माणसांचे होते. सर्वांत धाकटी पुतणी चार वर्षांची, तिच्यावर आठ ते अकरा वर्षांची चार मुले, दोघे दहावी-बारावीचे, आणि सर्वांत थोर म्हणजे पंच्याहत्तरी ओलांडलेल्या आमच्या सासूबाई. सासूबाईंना पडद्यावरची बारीक अक्षरे वाचता येत नाहीत, आणि मराठीखेरीज थोडेफार हिंदी तेवढे कळते.

सकाळची पूजा, दुपारची पंगत, संध्याकाळची आरती आणि रात्री वाडीतल्या मंडळींचे भजन, असा दिवस ठरलेला असतो. जेवणे आटोपल्यापासून दिवेलागणीपर्यंतचे तीन-साडेतीन तास मात्र मोकळे असतात, आणि पावसामुळे मुलांना अंगणातही सोडता येत नाही. मग प्रत्येक मूल आपापल्या आईवडिलांचा फोन घेऊन एकेक कोपरा धरते. वर्षातून एकदा भेटणारी भावंडे एका छपराखाली असून एकमेकांशी बोलत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. यंदा धाकटे दीर प्रोजेक्टर घेऊन येणार आहेत, म्हणून दोन दुपारी दोन चित्रपट सर्वांनी मिळून पाहावेत, असा बेत आहे.

अडचण आहे ती निवडीची. गेल्या वर्षी ‘कौटुंबिक’ या सदरातला एक चित्रपट आम्ही लावला होता. अर्ध्या तासात मोठी मुले कंटाळून उठली, धाकटी घाबरून आईच्या कुशीत शिरली आणि सासूबाई दुर्वा निवडायला निघून गेल्या. त्यामुळे चित्रपटांची नावे तर हवीच आहेत, पण त्याहून अधिक, निवड करताना नेमके काय पाहावे हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. प्रमाणपत्रावर कितपत विसंबावे? आणखी एक प्रश्न सासूबाईंचा आहे. घरात गणपती असताना पडद्यावर रडारड आणि मारामारी नको, असे त्यांचे म्हणणे आहे. ते सर्वस्वी मानावे, की त्यातून काही मार्ग निघतो?

खाडीकाठ (गुहागर)

सुरंगीताई, मी शाळेत शिक्षक होतो आणि निवृत्त होईपर्यंत शनिवारी मुलांना चित्रपट दाखवण्याचे काम माझ्याकडे होते. त्या अनुभवावर लिहितो.

प्रमाणपत्रापासून सुरुवात करू. चित्रपटाच्या आरंभी दिसणारे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे नीट ध्यानात घ्यावे. ‘यू’ म्हणजे सर्वांना खुला. ‘यूए’ म्हणजे पूर्वी बारा वर्षांखालील मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहायचा. चित्रपट कायद्यातील 2023च्या दुरुस्तीनंतर या ‘यूए’चे सात, तेरा आणि सोळा वर्षांवरील असे तीन भाग झाले, परंतु त्याआधीच्या चित्रपटांवर जुनेच ‘यूए’ असते, आणि आपण घरी पाहतो त्यांतले बहुतेक चित्रपट आधीचेच असतात. ऑनलाइन सेवांना 2021च्या नियमांनुसार याच धर्तीची वर्गवारी दाखवावी लागते आणि तेरा वर्षांवरच्या गटापासून पालकांसाठी कुलपाची सोयही द्यावी लागते. हे सारे उपयोगाचे आहे. तरीही प्रमाणपत्रावरून एवढेच कळते की चित्रपटात आक्षेपार्ह असे काय नाही. आपल्या घरातली माणसे त्यात रमतील का, हे त्यावरून कळण्याजोगे नाही. ‘यू’ असलेला चित्रपट अत्यंत रटाळ असू शकतो, आणि ‘यू’ असूनही एखाद्या लहान मुलाला रात्रभर जागवू शकतो.

म्हणून माझी पद्धत अशी. आपल्या घरातली सर्वांत धाकटी व्यक्ती आणि सर्वांत थोर व्यक्ती, या दोघींना डोळ्यांसमोर ठेवून निवड करावी. मधल्या वयाची माणसे बहुधा कशाशीही जुळवून घेतात. धाकटीसाठी तीन गोष्टी तपासाव्यात: कथेत कोणाला काय हवे आहे हे तिला पहिल्या दहा मिनिटांत कळते का, चित्रपट पावणेदोन तासांच्या आत संपतो का, आणि एखादे मूल एकटे पडते किंवा आईबाप दुरावतात असा प्रसंग किती वेळ चालतो. सासूबाईंसाठी भाषा आणि गती पाहावी. शब्द स्पष्ट ऐकू येणारा, एका घराची किंवा एका गावाची गोष्ट सांगणारा चित्रपट थोरांना लवकर आपलासा वाटतो.

आणि काहीही झाले तरी कोणीतरी एकाने तो चित्रपट आधी पूर्ण पाहिलेला असावा. झलक पाहून भागत नाही, कारण तिच्यात विनोद आणि गाणी पुढे आणलेली असतात आणि अवघड प्रसंग झाकलेला असतो.

नावेच हवी असतील तर पहिल्या दुपारसाठी मी परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ सुचवीन. 2014चा हा चित्रपट पंढरपूरच्या कार्तिकी यात्रेत घडतो, आणि त्याला सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला आहे. वडील नसलेल्या घरात आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी जप्त झालेले असते, ते सोडवण्यासाठी मुलांची लाडकी सायकल विकायची वेळ येते, आणि ती वाचवण्यासाठी मुले आईच्या नकळत यात्रेत दुकान मांडतात. यात पैशाची चणचण खरी आहे, पण ती मुलांच्या उद्योगातून दिसते, त्यामुळे मन जड होत नाही. ‘सायकल विकली जाईल की नाही’ हा प्रश्न चार वर्षांच्या मुलीलाही कळतो, आणि विठ्ठलाचे वातावरण व यात्रेची गर्दी पाहताना आपल्या सासूबाई नक्की रंगून जातील. मी हा चित्रपट वेगवेगळ्या वयाच्या मुलांसोबत पाहिला आहे. यात्रेत मुलांचे दुकान लागते तिथे पाचवीतली मुले हिशेब करू लागतात आणि मोठी मुले घरच्या कर्जाविषयी विचारू लागतात. एकाच प्रसंगातून दोन वयांना दोन गोष्टी मिळणे, हीच माझ्या मते घरच्या चित्रपटाची खरी कसोटी आहे.

मोकाशी यांचाच ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ दुसऱ्या दुपारी लावावा. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट करणाऱ्या दादासाहेब फाळके यांच्या खटाटोपाची ती गोष्ट आहे, आणि साधारण दीड तासात संपते. घरातल्या वस्तू विकून लंडनला जाणे, परत येऊन घरातच यंत्राची जुळवाजुळव करणे, वाटाण्याचे रोप कसे वाढते याचे चित्रण करणे, स्त्रीपात्रासाठी कोणी स्त्री मिळेना म्हणून तारामतीची भूमिका अण्णा साळुंके यांना देणे, हे सारे अत्यंत प्रसन्नपणे दाखवलेले आहे. सरस्वतीबाई फाळके या कामात पतीच्या बरोबरीने उभ्या राहतात, आणि मुलेही त्यात ओढली जातात. एक सबंध घर मिळून चित्रपट करते आहे आणि एक सबंध घर मिळून तो पाहते आहे, असा योग जुळून येतो. दहावी-बारावीच्या मुलांना आधी एवढेच सांगावे की आपल्या फोनमध्ये जे चालते त्याची आपल्या देशातली सुरुवात इथून झाली. ती उठून जाणार नाहीत.

रातांबा (चिपळूण)

सरांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, पण चार वर्षांच्या मुलीविषयी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण माझी स्वतःची मुलगी त्याच वयाची आहे.

मोठ्या माणसांना भीती वाटते त्या गोष्टी वेगळ्या आणि लहान मुलांना वाटते त्या वेगळ्या. मारामारीला माझी मुलगी फारशी घाबरत नाही. तिला भीती वाटते ती ओळखीची वस्तू अनोळखी वागू लागली की. याचे ठळक उदाहरण म्हणजे महेश कोठारे यांचा 1993चा ‘झपाटलेला’. आपल्या पिढीला त्यातला तात्या विंचू पाठ आहे, लक्ष्मीकांत बेर्डे यांच्यामुळे आपण हसतही असतो, म्हणून सुट्टीत भावंडे जमली की कोणीतरी तो हमखास लावते. रामदास पाध्ये यांनी केलेला तो बाहुला दहा वर्षांच्या मुलाला गंमत वाटेल, परंतु रोज उशाशी बाहुली घेऊन निजणाऱ्या मुलीला तो पाहून आपली बाहुली खोलीबाहेर ठेवावीशी वाटते. आमच्या नात्यातल्या एका मुलीने तसेच केले, आणि पुढे बरेच दिवस ती बाहुली कपाटात बंद राहिली. त्यात कोणाचा दोष नाही. ते वय तसे आहे.

परदेशी चित्रपटांबाबतही हेच. ‘फाइंडिंग नीमो’ हा 2003चा चित्रपट सर्वत्र लहान मुलांचा म्हणून दाखवला जातो आणि तो उत्तमच आहे, पण त्याच्या अगदी सुरुवातीला नीमोची आई मारली जाते. सात-आठ वर्षांच्या मुलाला तो प्रसंग पेलतो. चार वर्षांचे मूल मात्र पुढचा सारा चित्रपट सोडून ‘त्याची आई कुठे गेली’ हेच विचारत बसते. अशा वेळी शेजारी बसणारे माणूस आधीच ठरवून ठेवावे. तिला मांडीवर घेऊन पुढे काय होणार हे कानात सांगायचे, आणि नकोच म्हणाली तर तिला घेऊन शांतपणे बाहेर जायचे, एवढेच त्याचे काम. बाकीच्यांचा चित्रपट त्यासाठी थांबवू नये, आणि तिला ‘भित्री’ म्हणून भावंडांनी चिडवूही नये.

अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ माझ्या अतिशय आवडीचा आहे. आपल्या कोकणातला पाऊस, शाळा, बदली होऊन आलेली विधवा आई आणि तिचा एकटा पडलेला मुलगा, हे इतक्या हळुवारपणे क्वचितच कोणी दाखवले असेल. 2014 साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षकमंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिले, यावरून मुलांना तो भिडतो हे सिद्धच आहे. पण भर पावसात मित्र त्या मुलाला किल्ल्यात एकट्याला सोडून जातात तो भाग धाकटीला जड जाईल, आणि चित्रपटाची गती संथ आहे. तो दहा वर्षांवरील मुलांसाठी एखाद्या रात्री, भजन आटोपल्यावर, वेगळा ठेवावा. मुंबईहून आलेल्या मुलांना गावात चार दिवस राहून कंटाळा येतो, तेव्हा हा चित्रपट त्यांना गावाकडे नव्या नजरेने पाहायला लावतो.

सर्व वयांसाठी एकच नाव सांगायचे तर मी ‘शॉन द शीप’ हा 2015चा चित्रपट सांगेन. मातीच्या बाहुल्यांचा आहे, दीड तासाच्या आत संपतो, आणि त्यात कळण्याजोगा एकही संवाद नाही. मेंढ्या आपल्या मालकाला शोधायला शहरात जातात, एवढीच गोष्ट. सासूबाईंना भाषेची अडचण नाही, धाकटीला वाचनाची गरज नाही, आणि कौलांवर पाऊस कोसळत असला तरी काहीही बुडत नाही.

तिठा (कुडाळ)

निवडीबाबत वर छान चर्चा झाली आहे. मी प्रोजेक्टर आणि ध्वनिव्यवस्था बसवण्याचे काम करतो, त्यामुळे ज्यावर कोणी लिहिले नाही ते लिहितो. यंत्रणेने दगा दिला तर चांगला चित्रपटही वाया जातो.

पहिली बाब उजेडाची. आपण दुपारी पाहणार आहात आणि घरगुती छोट्या प्रोजेक्टरचा प्रकाश भर दुपारी ओटीवर किंवा पडवीत अजिबात पुरणार नाही, मग बाहेर कितीही ढग असोत. खोक्यावर हजारो लुमेन (लुमेन म्हणजे प्रकाशाचे माप) छापलेले असतात, त्यावर जाऊ नये. ‘एएनएसआय लुमेन’ हा ठरलेल्या मानकाने मोजलेला आकडा दिला असेल तर तोच खरा मानावा. ‘फोर-के सपोर्ट’ याचाही अर्थ एवढाच की यंत्र तसे चित्र स्वीकारते. प्रत्यक्ष दाखवते ते बहुधा त्याहून बरेच कमी असते. आपल्याकडे माडी असेल तर माडीवर बसावे आणि खिडक्यांना घोंगड्या लावाव्यात. माडी नसेल तर माजघर सर्वांत काळोखाचे असते, पण आपला गणपती माजघरात बसत असेल तर ते शक्य नाही. अशा वेळी दुपारी सरळ टीव्हीवर पाहावे आणि प्रोजेक्टर रात्रीसाठी ठेवावा. पडद्यासाठी चुना दिलेली गुळगुळीत भिंत उत्तम. चादर लावायची तर ती खालून ताणून बांधावी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने माणसांची तोंडे हलत राहतात.

दुसरी बाब इंटरनेटची. गणपतीत गावात माणसे कित्येक पटींनी वाढतात आणि त्याच टॉवरवर सर्वांचे फोन चालतात, म्हणून थेट पाहण्यावर विसंबू नये. साध्या प्रतीच्या चित्राला तासाला साधारण एक जीबी आणि एचडीला तीन जीबीपर्यंत डेटा लागतो. चाकरमान्यांनी निघण्यापूर्वी शहरातच चित्रपट डाउनलोड करून आणावा. मात्र डाउनलोडला मुदत असते, आणि भाड्याने घेतलेला चित्रपट एकदा सुरू केला की बहुधा 48 तासांतच पाहून संपवावा लागतो, हे ध्यानात ठेवावे. वाटेत एसटीत किंवा रेल्वेत कोणी ‘थोडासा’ सुरू केला तर गावी पोहोचेपर्यंत तो बंद झालेला असेल.

तिसरी बाब सर्वांत जास्त वेळा नडते. फोन प्रोजेक्टरला जोडला की फोनची बाकी सारी चित्रे दिसतात, पण चित्रपट लावल्यावर आवाज येतो आणि पडदा काळा राहतो. यंत्र बिघडलेले नसते. नक्कल होऊ नये म्हणून अनेक सेवांनी तशी बंदीच घातलेली असते. शिवाय प्रत्येक फोनच्या तारेतून चित्र बाहेर जातेच असे नाही. लॅपटॉपवर डाउनलोड करू देणारी सेवा असेल तर लॅपटॉप आणि एचडीएमआय तार हा त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग आहे. घरी अस्सल डीव्हीडी असतील तर त्यांना नेटही लागत नाही आणि मुदतही नसते. जे काही वापराल ते दिरांना त्यांच्या घरीच एकदा पूर्ण जोडून, विमान मोडवर ठेवून तपासायला सांगा.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नये. छोट्या प्रोजेक्टरचा अंगचा आवाज कौलांवरच्या पावसापुढे टिकत नाही. वेगळा स्पीकर घ्यावा आणि तो पडद्याजवळ, थोरांच्या कानांच्या उंचीला ठेवावा. मागे ठेवला तर संवाद एकीकडून आणि चित्र दुसरीकडून असे होते, आणि ज्यांना कमी ऐकू येते त्यांना शब्द लागत नाहीत.

एक शेवटचे. चित्रपट संपताच पुढचे आपोआप सुरू होण्याची सोय आधीच बंद करावी. नामावली संपायच्या आत एखाद्या खुनाच्या मालिकेची झलक चालू होते, आणि इतका वेळ जपलेले सारे त्या अर्ध्या मिनिटात जाते.

सुरंगी (राजापूर)

सर्वांचे मनापासून आभार. गणपती माजघरातच असतो, त्यामुळे माडी साफ करून घेते. रातांबाताईंनी म्हटल्याप्रमाणे धाकटीजवळ बसण्याचे काम मोठ्या पुतणीकडे देणार आहे. तिला ते आवडेलही.

दुःखी चित्रपटांविषयी मात्र अजून कोणी लिहिले नाही. सासूबाईंचे म्हणणे मला पूर्ण पटते असे नाही, पण मोडवतही नाही. शिवाय आमच्या वाडीतली मुलेही येतो म्हणतात, आणि वाडीच्या मंडळाने मांडवातच सर्वांना दाखवूया असे सुचवले आहे. तसे केले तर चालते का?

करवंद (वेंगुर्ले)

मी वयाने आपल्या सासूबाईंच्या जवळचा आहे, म्हणून त्यांच्या बाजूने दोन शब्द लिहितो.

गणपतीत रडारड नको, या म्हणण्यामागे केवळ सोवळेओवळे नाही. वर्षभर वाट पाहून लेकरे घरी आलेली असतात, आणि ती परत जाणार आहेत हे आमच्यासारख्यांच्या मनात पहिल्या दिवसापासून असते. त्यात पडद्यावर ताटातूट पाहणे नको वाटते. हे त्या कदाचित बोलून दाखवणार नाहीत. तेव्हा विसर्जन होईपर्यंत त्यांचा शब्द मानावा, असे मी म्हणेन. त्यासाठी हवे तेवढे आनंदाचे चित्रपट आपल्याकडे आहेत. सचिन पिळगांवकर यांचा 1988चा ‘अशी ही बनवाबनवी’ आम्हाला आणि आमच्या नातवंडांना सारखाच पाठ आहे, आणि पुढचा संवाद सर्वांनी मिळून आधीच म्हणायचा, हीच तो पाहण्याची रीत झाली आहे. त्यातला काही विनोद लहान मुलांना कळत नाही, आणि न कळल्याने त्यांचे काही अडत नाही. सिंगीतम श्रीनिवास राव यांचा 1987चा ‘पुष्पक’ही मोठ्या मुलांसोबत जरूर पाहावा. कमल हासन त्यात आहेत आणि सबंध चित्रपटात संवाद नाही. मला कानाला यंत्र लावावे लागते, त्यामुळे शब्द निसटण्याची धास्ती नसलेला चित्रपट पाहताना मिळणारे समाधान किती मोठे असते, हे मी अनुभवाने सांगतो.

परंतु दुःखाचे चित्रपट घरात लावूच नयेत, या मताचा मी मुळीच नाही. राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या 1953च्या चित्रपटाला मिळाले. तो सर्वोच्च मान पुन्हा मराठीला मिळायला अर्धे शतक जावे लागले, आणि तो मिळाला संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ला. त्यानंतर सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’लाही तो मिळाला. हे तिन्ही चित्रपट कोकणाशी जोडलेले आहेत. श्याम कोकणातला, ‘श्वास’मधले आजोबा आणि नातू कोकणातून शहरात गेलेले, आणि ‘कासव’ आपल्या किनाऱ्यावर, कासवांच्या घरट्यांची राखण चालते तिथे घडतो. आपल्या भूमीवरच्या या गोष्टी आपल्या नातवंडांना कोणी दाखवायच्या? वर्गवारीच्या यादीतून त्या त्यांच्यासमोर आपोआप येणार नाहीत.

‘श्वास’विषयी विशेष सांगतो. मुलाच्या डोळ्याला कर्करोग झालेला असतो आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार असते. हे त्या मुलाला सांगायचे कसे, कोणी, आणि शस्त्रक्रियेआधी सांगायचेच का, या पेचाभोवती सारा चित्रपट फिरतो. अरुण नलावडे यांचे आजोबा ऐन वेळी नातवाला रुग्णालयातून गुपचूप बाहेर नेतात, जग डोळे भरून पाहून घे म्हणून. तो प्रसंग मी माझ्या नातवाशेजारी बसून पाहिला. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याने रडू आवरले नाही, मीही आवरले नाही, आणि त्यानंतर त्याने विचारलेले प्रश्न आमच्या दोघांत आजवर कधीच निघाले नव्हते: तुला कमी दिसते म्हणजे नक्की कसे दिसते, तुला भीती वाटते का. हसवणाऱ्या चित्रपटाने ते झाले नसते.

म्हणून विसर्जनानंतर जी एक-दोन दिवस थांबणारी माणसे असतील, त्यांनी आणि नऊ-दहा वर्षांवरील मुलांनी सासूबाईंना सोबत घेऊन ‘श्वास’ पाहावा. धाकटीला त्या वेळी झोपवावे. ‘कासव’ मात्र मुलांसाठी नाही. जगणे नकोसे झालेल्या तरुणाची ती कथा आहे आणि प्रौढांनी, फार तर बारावीच्या मुलासोबत, पुढे बोलायला वेळ ठेवून पाहावी.

खाडीकाठ (गुहागर)

करवंदकाकांनी फार मोलाचे लिहिले आहे. दुःखाचा चित्रपट कोणता, याइतकेच तो केव्हा आणि कोणाशेजारी बसून पाहावा हे महत्त्वाचे, हा त्यांचा मुद्दा मला शाळेतल्या अनुभवावरूनही पटतो. चाळीस मुलांच्या वर्गात ‘श्वास’ दाखवणे आणि आजोबांशेजारी पाहणे, यांत फार अंतर आहे. वर्गात मुले एकमेकांना लाजून हसतात.

‘व्हेंटिलेटर’ हे नाव कोणीतरी सुचवीलच, म्हणून आधीच लिहून ठेवतो. राजेश मापुसकर यांचा 2016चा हा चित्रपट नेमका गणपतीच्या तोंडावर घडतो, मोठे कोकणी कुटुंब एका आजारी ज्येष्ठासाठी रुग्णालयात गोळा होते, आणि त्यातली नाती आपल्याला अगदी ओळखीची वाटतात. मोठ्यांसाठी तो उत्तम आहे. परंतु सासूबाईंची इच्छा लक्षात घेता गणपतीच्या दिवसांत नको.

आता मांडवाविषयी. घरी आपली माणसे आणि मुलांचे चार मित्र बसून पाहणे वेगळे, आणि मंडळाने मांडवात गावाला दाखवणे वेगळे. तिकीट नसले तरी ते जाहीर प्रदर्शन ठरते, आणि त्याला चित्रपटाचे हक्क ज्यांच्याकडे आहेत त्यांची परवानगी लागते. ऑनलाइन सेवांचे वर्गणीदार म्हणून आपल्याला मिळतो तो हक्क घरगुती पाहण्यापुरता असतो, आणि विकत घेतलेल्या डीव्हीडीचेही तेच आहे. मंडळाला खरोखर दाखवायचे असेल तर निर्मात्यांना किंवा वितरकांना आधी पत्र लिहून विचारावे, आणि ते महिनाभर तरी आधी करावे. यंदा वेळ नसेल तर मांडवात जाखडी नाच आणि भजनच रंगू द्यावे. शेजारची मुले आपल्या माडीवर आली तर आनंदच आहे. बसायला जागा मात्र आधी मोजून घ्या, कारण जुन्या माडीच्या लाकडी तक्तपोशीवर एका बाजूला सर्वांनी गर्दी करणे बरे नव्हे.

सुरंगी (राजापूर)

सर, तक्तपोशीचे ध्यानात आले नव्हते. यजमानांना तुळया पाहून घ्यायला सांगितले आहे, आणि माडीवर बारा माणसांहून अधिक नकोत असे ठरवले आहे. शेजारच्या मुलांना दुसऱ्या दुपारी बोलावू. मंडळाला परवानगीचे कळवले. त्यांनी यंदा बेत सोडला आहे.

आमचे ठरले ते असे. पहिल्या दुपारी ‘एलिझाबेथ एकादशी’, तो मी स्वतः काल रात्री पूर्ण पाहिला आणि सासूबाईंना गोष्ट सांगितली, तर त्यांनी आपणहून ‘मला पुढे बसवा’ असे सांगितले. दुसऱ्या दुपारी शेजारच्या मुलांसह ‘शॉन द शीप’. रात्री मोठ्या मुलांसाठी ‘किल्ला’. ‘श्वास’ विसर्जनानंतर, सासूबाईंना विचारूनच. ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ मे महिन्यात आंब्यांच्या वेळी मुले पुन्हा येतील तेव्हा पाहू, कारण चार दिवसांत याहून अधिक पाहायला लावले तर मुलांना एकमेकांशी खेळायला वेळच उरणार नाही, आणि मूळ हेतू तोच होता.

तिठादादा, एकच विचारायचे राहिले. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते. घरात दिवे आणि पंख्यांसाठी इन्व्हर्टर आहे. त्यावर प्रोजेक्टर चालेल का?

तिठा (कुडाळ)

छोटा एलईडी प्रोजेक्टर असेल तर बहुधा शंभर वॅटच्या आसपासच वीज घेतो, त्यामुळे 150 एएच बॅटरीच्या घरगुती इन्व्हर्टरवर तो, स्पीकर आणि एक पंखा धरून एक चित्रपट आरामात निघतो. बॅटरी मात्र जुनी नसावी, आणि त्या वेळात फ्रिज किंवा मिक्सर त्या जोडणीवर नसावा. प्रोजेक्टरच्या मागच्या चिठ्ठीवर वॅटचा आकडा असतो, तो दिरांकडून आधी मागवून घ्या. दिव्याचा जुना प्रोजेक्टर असेल तर तो दोनशे-तीनशे वॅट घेतो आणि एकाएकी बंद पडणे त्याच्या दिव्याला मानवत नाही, म्हणून तो सुरुवातीपासूनच इन्व्हर्टरच्या सॉकेटवर लावावा. माडीवर तसा सॉकेट नसेल तर खालून जाड तारेचा एक्स्टेंशन बोर्ड आणावा, जिन्यावरून नेताना तार भिंतीकडेला चिकटपट्टीने बसवावी, आणि पावसाचे पाणी गळते त्या कौलाखाली बोर्ड ठेवू नये.